शिक्षा म्हणून शिवलेल्या चादरी

वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात मी सव्वीस वर्षं कारकून आहे. न्यायाधीशांच्या समोर, खालच्या अंगाला एक लांब टेबल असतं. तिथे फायलींच्या ढिगाआड जी बाई दिसते, ती मी. आजवरच्या नोकरीत मी कोणाला शिक्षा दिली नाही की कोणाला सोडलं नाही. वर जे ठरलं ते लिहायचं, शिक्का मारायचा आणि जिथे पोचायला हवं तिथे पोचवायचं, एवढंच माझं काम. एका प्रकरणात मात्र ठरवण्याचा थोडासा वाटा माझ्याकडे आला, आणि त्याचा मला अजून अभिमान वाटतो. म्हणून हे लिहायला बसले आहे.

दोन हजार चोवीसच्या एक जुलैला तीन नवे फौजदारी कायदे देशभर लागू झाले. त्याआधी आम्हा सगळ्यांना वाशीमला प्रशिक्षणाला बोलावलं होतं. पोलीस, सरकारी वकील, कोर्टाचे कारकून, सगळे एकाच हॉलमध्ये. तोवर कलमांचे आकडे आमच्या तोंडात इतके बसले होते की माणसं आम्ही आकड्यांनीच ओळखायचो. चोरी म्हणजे तीनशे एकोणऐंशी. फसवणूक म्हणजे चारशे वीस, हे तर शेंबड्या पोरालाही माहीत. आता चोरी झाली तीनशे तीन आणि फसवणूक तीनशे अठरा. माझ्या शेजारी बसलेले एक हवालदार वहीच्या पानावर नवे आकडे परवचा लिहावा तसे एकाखाली एक लिहीत होते. त्यांची निवृत्ती वर्षावर आली होती.

त्या दिवशी प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी सांगितलं की नव्या कायद्यात शिक्षेचा एक नवा प्रकार आला आहे, सामुदायिक सेवा. पाच हजारांच्या आतली चोरी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि माल परत केला असेल, तर त्याला तुरुंग नाही. त्याने समाजाच्या उपयोगाचं काम करायचं, बिनमोबदला. मागून कोणीतरी विचारलं की कोणतं काम, कुठे आणि किती दिवस. साहेब म्हणाले, कायदा संसदेने केला, त्याची अंमलबजावणी राज्याने करायची आहे, तेव्हा सविस्तर नियम मुंबईहून येतील. मग चहा आला. माझ्या वहीत त्या ओळीपुढे मी एक प्रश्नचिन्ह काढून ठेवलं, आणि बरेच महिने ते तसंच राहिलं.

मग एके दिवशी बाजाररस्त्यावरचे एक कापडाचे व्यापारी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. जैन समाजातले, साठीच्या पुढचे, तीन पिढ्यांचं दुकान. त्यांना तालुक्यात सगळे शेठजी म्हणतात, मीही म्हणते. माझ्या लग्नाचा शालू त्यांच्याच दुकानातला. लग्नसराईच्या गर्दीत कोणीतरी त्यांच्या दुकानातून सात ब्लाऊजपीस आणि अस्तराचं कापड उचललं होतं. कॅमेऱ्यात बाईचा चेहरा स्वच्छ दिसत होता. पण पोलीस ठाण्यात गेल्यावर त्यांना सांगण्यात आलं की एवढ्या किमतीची चोरी आता अदखलपात्र आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय तपास करता येत नाही.

शेठजींचा आवाज चढला नव्हता, पण ते दुखावले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, पाच हजारांच्या आतली चोरी आता चोरी राह्यली नाही का?"

मी त्यांना बसवलं आणि चोरी ती चोरीच, हे समजावलं. फक्त पोलिसांनी आधी कोर्टाला विचारायचं, एवढाच फरक. लहानसहान कारणावरून कोणालाही उचलून आणू नये, असा त्यामागचा विचार आहे. अर्ज कसा करायचा ते मी सांगितलं. अर्ज न्यायाधीशांपुढे गेला आणि तपासाचा हुकूमही झाला. शेठजी गेले, पण जाताना त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की माझं सांगणं त्यांना पटलेलं नाही.

बाई सापडायला वेळ लागला नाही. अनसिंगच्या वाटेवरच्या एका खेड्यात राहणारी, पन्नाशीला आलेली. घरी बसून ब्लाऊज शिवायची. तिच्या हाताला फिटिंग होतं, आजूबाजूच्या चारपाच गावांतल्या नवऱ्या तिच्याकडे माप द्यायला यायच्या. नवरा मालवाहू टेम्पो चालवायचा. घरात खायची भ्रांत नव्हती, हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ऐकणारा लगेच तसं काहीतरी मनात धरतो. पोलीस घरी गेले तेव्हा तिने स्वतःच पेटी उघडली. सातही ब्लाऊजपीस घडी न मोडता ठेवलेले होते, दुकानाच्या चिठ्ठ्या तशाच लावलेल्या. अस्तरालासुद्धा कात्री लागली नव्हती.

अशा लहान चोरीचा खटला नव्या कायद्याने थोडक्यात चालवायचा असतो. तिला सरकारतर्फे मोफत वकील मिळाला. आमच्या न्यायाधीश मॅडम तरुण, माझ्या मुलीपेक्षा पाचसहा वर्षांनीच मोठ्या. आमच्याकडे येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि तो कबूल आहे का, असं विचारलं. बाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. वकिलांनी तिला आधी सगळं समजावलं होतं, तरी तिने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

"हो. म्याच उचलले," ती म्हणाली.

मॅडमनी विचारलं, का उचलले. हा प्रश्न विचारायची गरज नव्हती, पण त्यांनी विचारला. ती मग म्हणाली, "असं कापड कधी माह्या हाताखाली आलं नव्हतं. हातात घेतलं अन् खाली ठेवूशी वाटलं नाही. घरी आणल्यावर शिवाची हिंमत झाली नाही."

मी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. माल परत मिळाला होता, ती पहिल्यांदाच दोषी ठरत होती, किंमत मर्यादेच्या आत होती. कायदा स्पष्ट होता, शिक्षा सामुदायिक सेवेचीच. मॅडमनी तसं उच्चारलं आणि त्यांचं पेन थांबलं. सेवा कुठे, किती दिवस, कोणाच्या देखरेखीखाली, न आली तर काय, काम पूर्ण झालं असं कोणी लिहून द्यायचं, यातलं काहीच आमच्यापुढे छापलेलं नव्हतं. मुंबईचे नियम आमच्यापर्यंत पोचले नव्हते. दोन शब्द तेवढे होते आणि समोर एक बाई उभी होती.

त्यांनी पुढची तारीख दिली आणि दुपारी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "ताई, तुम्ही इथल्या आहात. मला जागा शोधून द्या. आणि एक कागद लागेल, त्याचा कच्चा मसुदा तुम्हीच करा."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला कोणी काय लिहायचं ते सांगितलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशीपासून विचारायला सुरुवात केली. शहराच्या स्वच्छतेचं काम पाहणाऱ्या साहेबांनी लगेच होकार दिला. म्हणाले, बाजाररस्ता झाडायला द्या, हातात झाडू दिसला म्हणजे चार लोकांना धाक बसेल. शेठजींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनाही ते पसंत पडलं, तिने त्यांच्या दुकानासमोरच झाडावं म्हणून. मला ते नको वाटलं. झाडणं हलकं काम आहे म्हणून नाही. आमच्या गल्लीत झाडायला येणाऱ्या बाईचा मी मान ठेवते. ज्या कामाने ती पोट भरते, तेच काम दुसऱ्याला शिक्षा म्हणून दिलं, तर तिला काय वाटेल, हे माझ्या डोक्यातून जाईना. शिवाय कायद्यात उपयोग हा शब्द आहे. धाक हा शब्द मी तिथे शोधला, तो नव्हता.

एका शाळेत विचारलं, तर पालक काय म्हणतील म्हणून नको म्हणाले. त्यांचंही खोटं नव्हतं. तिच्या स्वतःच्या गावातल्या पंचायतीत मी विचारलंच नाही. चौकात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रोज उभं राहणं म्हणजे सेवेपेक्षा वरात जास्त.

शेवटी मी ग्रामीण रुग्णालयात गेले. तिथल्या मुख्य परिचारिका माझ्या ओळखीच्या, आम्ही त्यांना सिस्टर म्हणतो. बोलता बोलता त्यांनी मला चादरींची खोली दाखवली. कडा उसवलेल्या चादरी, फाटक्या उशीच्या खोळी, नाड्या तुटलेले पेशंटचे झगे, सगळं गाठोडी बांधून ठेवलेलं. शिवणकामाला माणूस नव्हता. कोपऱ्यात एक पायमशीन प्लास्टिकच्या कागदाखाली धूळ खात पडलं होतं. सिस्टर म्हणाल्या, हाताशी शिवणारं कोणी असतं तर निम्मं कापड पुन्हा वापरात येईल.

मी तिथेच ठरवलं. पण रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टरसाहेब राजी होईनात. त्यांचे प्रश्न रास्त होते. हिने इथून काही नेलं तर जबाबदार कोण? मशीनची सुई बोटात गेली तर? ती आली नाही आणि तरी ती आली असं मी लिहिलं तर माझ्यावर काय येईल? त्यांनी सांगितलं की हे सगळं कोर्टाच्या कागदावर लिहून आणा, मग पाहू.

तो कागद मी तीन दिवस लिहीत होते. घरी जेवणं झाली की ताटं उचलून त्याच टेबलावर बसायचे. आमच्याकडे समन्सचा नमुना आहे, वॉरंटचा आहे, जामिनाचा आहे. ते सगळे साहेबांच्या साहेबांनी कधीतरी ठरवलेले. याचा कुठेच नव्हता. मी डॉक्टरसाहेबांचा एकेक प्रश्न घेतला आणि त्याचा एकेक रकाना केला. रोज येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ. काम कोणी दिलं. सही तिची आणि देखरेख करणाऱ्याचीही, म्हणजे एकट्याच्या शब्दावर काही राहू नये. दुखापत झाली तर उपचार तिथेच व्हावेत आणि त्याच दिवशी कोर्टाला कळवावं. आजारपण किंवा घरात मयत झाली तर दिवस पुढे ढकलता यावा. औषधांच्या खोलीत आणि पेशंटच्या अंगाशी काम देऊ नये. फोटो काढू नये, पाटी लावू नये, शिक्षेवर आली आहे असं कोणासमोर बोलू नये. हे शेवटचं लिहिताना मी दोनदा थांबले. असं लिहायचा मला अधिकार आहे का, हे मला माहीत नव्हतं. मग लिहिलं. चुकीचं असेल तर मॅडम खोडतील, असा विचार केला.

मॅडमनी मसुदा माझ्यासमोर बसून वाचला. काही ठिकाणी कायद्याची भाषा घातली. रोज तीन तास, तीस दिवस, हे त्यांनी ठरवलं. मी पहिल्या रकान्यात "आरोपीचे नाव" लिहिलं होतं. त्यांनी ते खोडलं, खटला संपला, आता ती आरोपी राहिली नाही म्हणून. "दोषसिद्ध व्यक्तीचे नाव" असं लिहून पाहिलं, आणि तेही खोडलं. हे रजिस्टर रोज दवाखान्याच्या टेबलावर उघडं पडलेलं असेल, असं म्हणून त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. मी लिहिलं, "सेवा देणाऱ्या व्यक्तीचे नाव". त्यांनी मान डोलावली. फोटो न काढण्याची ओळ त्यांनी तशीच ठेवली. त्या संध्याकाळी घरी जाताना मला कोणाशी तरी बोलावंसं वाटत होतं, पण काय सांगायचं ते कळत नव्हतं. एका रकान्याचं नाव बदललं, हे सांगून कोणाला काय कळणार?

पहिल्या दिवशी मी अर्ध्या रजेवर दवाखान्यात गेले. बाई वेळेआधी आली होती आणि पायरीवर अंग चोरून बसली होती. सिस्टरनी तिला मशीनपाशी नेलं. तिने मशीनवरचा कागद काढला, चाक हाताने फिरवून पाहिलं आणि पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा झाला. म्हणाली, तेल कोणी घातलं नाही म्हणून जाम झालं. पट्टाही सैल होता. तो पहिला दिवस सगळा मशीन साफ करण्यातच गेला. सिस्टरनी रजिस्टरात कामाच्या रकान्यात "मशीन दुरुस्ती" लिहिलं आणि दोघींनी सह्या केल्या. तिची सही वेड्यावाकड्या अक्षरात, पण पूर्ण नाव.

नऊ दिवस व्यवस्थित गेले. दहाव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला की ती आली नाही. अकराव्या दिवशीही नाही. सिस्टरना कारण कळलं होतं. दवाखान्यात आलेल्या कोणीतरी मोबाइलवर तिचा मशीनपुढचा फोटो काढला होता आणि तो तिच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरत होता. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं ते सिस्टरनी सांगितलं नाही.

मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं. हुकूम मोडला म्हणून वॉरंट काढता आलं असतं. पण मग पहिल्याच प्रकरणात सेवा मोडली असं लिहावं लागलं असतं, आणि त्या बाईला पोलिसांच्या गाडीत बसावं लागलं असतं. त्यांनी आधी नोटीस द्यायचं ठरवलं. नोटीस बेलिफाने न्यायची असते. मॅडम म्हणाल्या, बेलिफाबरोबर तुम्हीही जा, कागद तुमचा आहे.

आम्ही दुपारी पोचलो. बेलिफ नोटीस देऊन गाडीपाशी थांबला. घराच्या ओसरीत तिचा नवरा बसला होता, ती आत. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग सरळ सांगून टाकलं की ती आता जाणार नाही.

ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "ताई, जेलात टाकलं असतं तं लोकं महिनाभरात विसरले असते. हे तं रोज जा अन् रोज पाहून घ्या."

मी तिला जेल काय असतं ते सांगून घाबरवू शकले असते. माझ्या टेबलावरून त्या वाटेने गेलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत. पण ती घाबरलेली नव्हती, तिची लाज निघाली होती, आणि लाजेवर भीतीचा उपाय चालत नाही. मी म्हटलं की फोटो काढणं हुकमाच्या विरुद्ध होतं, ते आम्ही दवाखान्याला लिहून कळवलं आहे. उद्यापासून मशीन आतल्या खोलीत नेलेलं असेल, दाराला पडदा असेल. हे मी आदल्या दिवशीच सिस्टरशी बोलून ठरवून आले होते.

नवऱ्याला ते पुरेसं वाटलं नाही. तो रागीट माणूस नव्हता, पण आतून पेटला होता. त्याने विचारलं, "हे असं काम द्याचं, हे कोणं ठरवलं?"

मी म्हटलं, "कायदा दिल्लीत झाला."

"दिल्लीले आमची बाई माहीत हाय का?"

मी इतकी वर्षं कोर्टात प्रमाण मराठी बोलते. त्या वेळी माझ्या तोंडून माझ्या गावची, रिठदची बोली आली. मी म्हटलं, "नाही. दिल्लीले नाही माहीत, मुंबईलेही नाही. मले माहीत हाय. म्हणूनच मी आली."

मग मी तिला सांगितलं की दवाखान्यात या नऊ दिवसांत तिने शिवलेल्या चादरी पलंगांवर गेल्या आहेत. बाळंतिणींच्या खोलीत तिने केलेली लहान दुपटी आहेत, जुन्या चादरींच्या चांगल्या भागातून कापलेली. सिस्टर रोज विचारतात की ती केव्हा येणार. यातला एकही शब्द मी वाढवून सांगितला नव्हता, आणि ते तिला कळलं असावं. तिने विचारलं, दुपट्यांच्या कडा धुतल्यावर उसवल्या तर नाहीत. मी म्हटलं, मला माहीत नाही, तुम्हीच येऊन पाहा.

दुसऱ्या दिवशी ती आली. नवऱ्याने टेम्पोतून आणून सोडलं. बुडालेले दिवस शेवटी जोडले आणि तीस पुरे झाले. नंतर कोणी फोटो काढला नाही. शेवटच्या आठवड्यात तर ती तीन तास संपल्यावरही हातातली खोळ पुरी करूनच उठायची. सिस्टर रजिस्टरात वेळ मात्र बरोबर लिहायच्या, वाढीव लिहायच्या नाहीत, कारण रकाना तसा होता. डॉक्टरसाहेबांनी पूर्णतेच्या दाखल्यावर सही केली, आणि खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ जास्तीची लिहिली, काम उत्तम. अशा ओळीसाठी मी जागाच ठेवली नव्हती, ती समासात आली.

मॅडमनी दाखला पाहून प्रकरण बंद केलं. बाईला समोर बोलावून सांगितलं की शिक्षा पूर्ण झाली. तिने हात जोडले. मी खालून तिच्याकडे पाहत होते, पण ती माझ्याकडे न पाहता सरळ दाराकडे गेली. मला वाईट वाटलं नाही. कोर्टाकडे पाठ करून ताठ मानेने निघून जाणारं माणूस पाहायला मिळणं ही आमच्या धंद्यात थोडी गोष्ट नाही.

शेठजी त्यानंतर एकदा दुसऱ्याच कामासाठी कोर्टात आले तेव्हा त्यांनी विषय काढला. त्यांना अजूनही वाटत होतं की शिक्षा फार सौम्य झाली. दुकानात आणखी एक कॅमेरा लावला आहे, असंही म्हणाले. मी वाद घातला नाही. त्यांनी विचारलं, उद्या पुन्हा तिने हेच केलं तर. मी सांगितलं की ही सवलत पहिल्या वेळेपुरतीच आहे, दुसऱ्यांदा तुरुंग. शेठजी मग म्हणाले, एकदाच असेल तर ठीक, एकदा आम्हीही गिऱ्हाइकाला समजून घेतो. जाताना त्यांनी ती बाई आता बरी आहे का, असं विचारलं. मी बरी आहे म्हटलं.

काही आठवड्यांनी जिल्ह्याच्या न्यायालयातून पत्र आलं. तुमच्याकडे वापरलेला नमुना पाठवा, इतर तालुक्यांना उपयोगी पडेल. मी तो स्वच्छ टाइप करून पाठवला. पुढे एकदा दुसऱ्या तालुक्याच्या कोर्टातून एका प्रकरणाचे कागद आमच्याकडे आले, त्यात भरलेला नमुना होता. वर त्यांच्या कोर्टाचं नाव, बाकी सगळं माझं. "सेवा देणाऱ्या व्यक्तीचे नाव" तसंच. आणि सातव्या रकान्यात मी "दुखापत" या शब्दातला उकार घाईत दीर्घ केला होता, तोही तसाच. माझी चूक जिल्हाभर फिरून माझ्यापर्यंत परत आली होती. मी टेबलाशी एकटीच हसले, आणि खरं सांगते, इतका आनंद मला बढतीच्या पत्रानेही झाला नव्हता.

वरून सविस्तर सूचना आल्या तेव्हा मी त्या ओळीओळीने वाचल्या. आमचं पाहून त्या केल्या असं मी म्हणणार नाही, तसं काही असेल असं मला वाटतही नाही. त्या लिहिणाऱ्यांनी अख्ख्या राज्याचा विचार केला होता, आम्ही एका बाईचा. पण देखरेख करणाऱ्याची सही, आजारपणात दिवस पुढे ढकलणं, माणसाची अप्रतिष्ठा होऊ न देणं, हे वाचताना मला आपण परक्याचं काही वाचतो आहोत असं वाटलं नाही. आपल्या हातून चुकीचं काही झालं नव्हतं, एवढं कळलं, आणि सुटल्यासारखं झालं.

त्यानंतर वाशीमच्या त्याच हॉलमध्ये पुन्हा प्रशिक्षण झालं. या वेळी मॅडमनी माझं नाव कळवलं होतं आणि मला समोर उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं होतं. पुढच्या रांगेत मोठे अधिकारी होते. मी कागद लिहून नेला होता, पण दोन वाक्यांनंतर तो ठेवून दिला आणि झालं तसं सांगितलं. पहिला प्रश्न एका तरुण महिला पोलीस शिपायाने विचारला, तिच्या हद्दीत असं प्रकरण नुकतंच आलं होतं. तिने विचारलं, "मॅडम, जागा कशी शोधाची?"

मी म्हटलं, आधी त्या माणसाच्या हाताला काय येतं ते विचारायचं, आणि मग गावाला काय हवं आहे ते. दोन्ही कुठे जुळतं ते पाहायला पायी फिरावं लागतं. तिने ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या रांगेतल्या एका साहेबांनीही लिहून घेतलं, ते मी पाहिलं.

आमच्या कोर्टात आता असं प्रकरण आलं की धावपळ होत नाही. परवाच जऊळक्याकडच्या एका गवंड्याचं आलं. दारू पिऊन आठवडी बाजारात धिंगाणा घातला म्हणून; नव्या कायद्यात त्यालाही ही सेवेची शिक्षा देता येते. मॅडमची बदली झाली आहे, नवे साहेब आले आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी रुग्णालयाला फोन लावला. सिस्टरनी काय येतं त्याला, एवढंच विचारलं. बांधकाम येतं म्हटल्यावर म्हणाल्या, पाठवा, मागच्या दाराचा उतार खचला आहे, स्ट्रेचर अडकतं. मी खणातून एक कोरा नमुना काढला आणि पहिल्या रकान्यात त्याचं नाव लिहिलं.